दाराजवळची बॅग आणि जादा वेळेचा नियम

तीर्थरूप दादाच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (बर्फाच्या रिंकवरच्या गारठ्याने दोन्ही गुडघे धरले आहेत, तेव्हा ते सोडून उरलेल्या सहा अंगांचा समजावा.) तुझी तब्येत उत्तम असणार हे मी गृहीत धरतो, कारण तू स्वतःची आबाळ कधी होऊ देत नाहीस. वहिनींना नमस्कार सांग. त्या फोनवर "ते आत्ताच सरावाला गेले" हे इतक्या गोड आवाजात सांगतात, की मागून तुझा खोकला ऐकू आला तरी माणसाला राग येत नाही. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. पत्रात तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, यापलीकडे त्या वाक्याला काही अर्थ नाही.

परवा तू चक्क आपणहून फोन केलास. आतून आईने विचारलं, "कुणाचा रे?" मी म्हणालो, दादाचा. ती हात पुसत बाहेर येईपर्यंत तुझं बोलून झालंसुद्धा होतं. तरी तिने फोन कानाला लावून पाहिला, आणि मग लाइन मध्येच तुटली असेल असं मलाच समजावून सांगितलं. तुझं काम तेवढं माझ्याकडे होतं: आइस हॉकी लीगच्या नियमांच्या बैठकीत माझं मत तुझ्या बाजूने पडावं. "भाऊ आहेस ना माझा?" असंही तू विचारलंस. बऱ्याच काळाने तुला हा प्रश्न पडला, बरं वाटलं. मी "बघू" म्हणालो. तो शब्द तुझाच आहे, वापरून परत केला इतकंच. आता उत्तर सविस्तर लिहितो.

तुला हॉकी समजावणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण हे पत्र पेटीत पडण्याआधी बायको वाचणार आहे, आणि इतक्या वर्षांत तिला बर्फावर पक कधी दिसलेला नाही. (ती म्हणते, एवढीशी काळी चकती दिसणार कशी, आणि दहा दांडगे बाप्ये तिच्यामागे का धावतात ते आधी सांगा.) तर बाई, ऐक. सामना बरोबरीत राहिला की पाच मिनिटांचा जादा वेळ देतात. एरवी बर्फावर दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू असतात, शिवाय गोलकीपर. जादा वेळेत पाचाचे तीन करतात. हेतू असा, की गर्दी कमी होईल, जागा मोकळी होईल, पोरं धावतील, फटके मारतील, पहिला गोल होताच सामना संपेल आणि लोक आपापल्या घरी जातील. नियम करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता, फक्त आमचा दादा त्यांच्या डोक्यात आला नाही. दादाने असा शोध लावला, की पक आपल्याकडे असला तर समोरच्याला गोल करता येत नाही. मग घाई कशाला? पक घ्यायचा, मधली रेषा ओलांडायची, समोरच्याच्या दारापर्यंत जायचं, आता मारणार असं वाटलं की गर्रकन वळायचं आणि परत आपल्या घरी यायचं. दमलेल्यांना बाकावर बसवायचं, ताज्या दमाच्यांना उतरवायचं, की पुन्हा दारापर्यंत. पुन्हा परत. समोरच्यांनी पुढे येऊन पक हिसकावून घ्यावा म्हणावं, तर तेही पक्के. आपण जागा सोडली तर मागे भगदाड पडेल, म्हणून तिघेही जागच्या जागी गोठलेले. पाच मिनिटं अशीच जातात. मग एकेका खेळाडूला एकट्या गोलकीपरसमोर सोडायचं आणि चिठ्ठी उचलल्यासारखा निकाल लावायचा. पेपरवाले याला संयम म्हणतात आणि तुला थंड डोक्याचा प्रशिक्षक. बर्फावर उभं राहून डोकं थंड ठेवण्यात कसलं आलंय कौतुक!

आता लीगपुढे जो नियम आलाय तो असा, की जादा वेळेत पक एकदा मधल्या रेषेपलीकडे नेला की मागे आणायचा नाही. आणलात तर शिट्टी, आणि पक तुमच्याच गोलसमोर टाकून दोन्हीकडच्या एकेकाला झुंजवायचं. एवढंच. पुढे गेलात ना, मग पुढेच जा.

यात माझा संबंध कुठे येतो? घड्याळ सांभाळणारे, गुण मांडणारे आणि गोलमागे काचेपलीकडे बसून लाल दिवा लावणारे, अशा आम्हा सटरफटर मंडळींचं मिळून बैठकीत एक मत असतं. आजवर ते मत आहे हेही कुणाला आठवायचं नाही. यंदा बाकीची मतं निम्मी-निम्मी पडणार, म्हणून आमचा भाव वधारला, आणि आमच्यातून माझी निवड झाली, तीही एकमताने. त्या दिव्याच्या प्रकरणापासून मी नावाजलेला माणूस आहे. बाबा म्हणायचे, थोरला नाव काढेल, हा धाकटा काय दिवे लावणार आहे कोण जाणे. पुढचं एवढं स्वच्छ दिसत होतं तर मला आधी सांगून ठेवायला हवं होतं त्यांनी.

त्या प्रकरणातली तुझी बाजू पेपरात आली. (फोटोसकट. पोट आत घेतलंयस ते कळतं.) आता माझी ऐक. मागच्या सीझनला तुझा संघ आमच्या रिंकवर आला होता. त्याआधी तू आईला फोनवर सांगितलं होतंस, की मॅच तिकडे आहेच, मॅच संपली की आमच्या बसमधूनच तुला घेऊन जातो, चांगली राहा आमच्याकडे. म्हणून आई बॅग घेऊनच रिंकवर आली. निळी बॅग, तुला आठवत असेल, तुझ्याच पहिल्या संघाची, चेन बिघडली म्हणून दोरीने बांधलेली. आत कपडे, औषधं, वहिनींसाठी विणलेला स्वेटर आणि तिची स्वतःची उशी. तुमच्याकडच्या उशा फार उंच आहेत असं कधीतरी तूच बोलून गेला होतास. तुझ्या बाकाच्या बरोबर मागची जागा तिने धरली, म्हणजे सामना संपल्यावर तुला शोधत बसावं लागू नये. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. प्रशिक्षकाने खेळावरून नजर काढू नये हे मलाही मान्य आहे.

माझं काम तुला कधी नीट ठाऊक नसेल. गोलमागे काच, काचेमागे स्टूल, स्टुलावर मी आणि हाताशी बटन. पक रेषेच्या आत गेला की बटन दाबायचं, दिवा लागतो, भोंगा वाजतो. उरलेला वेळ नुसतं बघायचं. याला हुशारी लागत नाही, पण डोळा हलवून चालत नाही. माझ्यापुढे आमचा गोलकीपर उभा होता, ज्याला त्याच्या आकारावरून सगळे 'कपाट' म्हणतात. जादा वेळ सुरू झाला, पक तुझ्या पोरांच्या हाती लागला आणि तुझं कीर्तन सुरू झालं. दारापर्यंत, परत. दारापर्यंत, परत. बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरने आता संपेल म्हणून इंजिन सुरू केलं आणि कंटाळून बंद केलं. कपाटाने दोन जांभया दिल्या. मी आईकडे पाहिलं. मी तिला सांगून ठेवलं होतं की आता एक गोल झाला की संपलं. त्यामुळे तुझी पोरं पक घेऊन आमच्या बाजूला आली की ती बॅगेचा बंद धरून पुढे सरकायची, आणि पोरं वळली की पुन्हा मागे टेकायची. लोखंडी बाक, खालून गारठा, या वयाची बाई, आणि प्रत्येक खेपेला ती तेवढ्याच तयारीने पुढे सरकत होती. अशाच एका खेपेनंतर ती पुन्हा मागे टेकली, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी बटन दाबलं.

हात घसरला वगैरे काही नाही. दाबलं.

दिवा लागला, भोंगा वाजला. त्या क्षणी पक कुठे होता? शंभर हात लांब, पार दुसऱ्या टोकाला, तुमच्याच गोलच्या मागे. तुझा एक पोरगा तो काठीला चिकटवून तिथे विसावा घेत होता. पण दिवा लागला म्हटल्यावर विचार कोण करतो? तुझी पोरं हातमोजे हवेत उडवून एकमेकांच्या गळ्यात पडली. ज्याच्याकडे पक होता तोसुद्धा पक टाकून धावला. कपाट बिचारं सरळ मनाचं. दिवा लागला म्हणजे गोल झाला, गोल झाला म्हणजे आपलीच चूक, असा त्याचा हिशेब. तो वळून जाळीत पक शोधू लागला. सापडेना, तेव्हा पायाचं एकेक पॅड उचलून पाहिलं, मग हेल्मेट काढून त्यात पाहिलं, आणि शेवटी काचेला नाक लावून रडवेल्या आवाजात मलाच विचारलं, "काका, कुठून गेला हो?" आणि दादा, तू! तू तुझ्या मदतनिसाला कडकडून मिठी मारलीस. फटका नाही, पक नाही, आणि तू गोल साजरा करून मोकळा झालास. श्रेय घ्यायची वेळ आली की तुझा संयम कुठे जातो ते मला एकदा विचारायचंच आहे. (आमच्याकडचे लोक अजून म्हणतात, की मी भावाला फुकटचा गोल द्यायला बसलो होतो. घर का ना घाट का म्हणतात ती अवस्था झाली माझी.)

त्या सगळ्या गोंधळात एकच व्यक्ती शांतपणे उठून उभी राहिली होती. आई. बॅग खांद्याला, तोंड दाराकडे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू गोल तिनेच केलाय. मग शिट्ट्या झाल्या, पंच धावत आले, चित्रण पाहिलं, घड्याळ मागे फिरवलं, पोरांनी हातमोजे गोळा केले. शेजारच्या बाईंनी आईला समजावून खाली बसवलं. तिला वाटत होतं सगळे तिची थट्टा करताहेत.

पुढचं तुला माहीत आहे. उरलेला वेळही तू तसाच काढलास आणि शेवटी चिठ्ठीत जिंकलास. मी आईला घेऊन मागच्या दाराशी आलो तेव्हा तुझ्या बसचं इंजिन सुरू होतं. तू पायरीवरून म्हणालास, "आई, आज फार उशीर झाला गं. पोरं दमलीत, बसमध्ये जागाही नाही. सीझन संपू दे, मग निवांत येतो न्यायला." उशीर कशापायी झाला हे सांगायला मी तोंड उघडलं, तर आईने माझा दंड दाबला. तिने तुला मफलर नीट गुंडाळायला सांगितला, स्वेटरचं पाकीट वर दिलं, आणि बस गेली. माझा तुझ्यावर राग आहे, तो त्या मिठीचा नाही. मफलर गुंडाळताना तू घड्याळाकडे पाहिलंस, त्याचा आहे.

चौकशी झाली. सचिवांनी विचारलं, बटन का दाबलंत? मी म्हणालो, सामना संपावा म्हणून. ते म्हणाले, हे कारण कशात बसत नाही हो, "गारठ्याने हात घसरला" असं लिहू का? म्हटलं, तुम्हाला जे बसेल ते लिहा. काही सामने मला घरी बसवलं आणि पुन्हा स्टुलावर बोलावलं, कारण त्या पगारात दुसरं कुणी तिथे बसायला तयार नव्हतं. कपाट अजून प्रत्येक सामन्याआधी जाळी हलवून बघतं आणि मग माझ्याकडे संशयाने बघतं.

तर ती बॅग. सीझन संपला. मग तुमच्याकडे रंगकाम निघालं. मग वहिनींच्या बहिणीकडचे पाहुणे आले. मग नव्या सीझनची तयारी. तू आलाच नाहीस असं मी म्हणणार नाही. "येत्या रविवारी नक्की" इथपर्यंत तू प्रत्येक वेळी आलास, आणि रविवार उजाडला की गर्रकन मागे. बॅग दाराजवळ आहे तिथेच आहे. आई त्यातून कपडे काढते, घालते, धुते, वाळवते आणि घडी करून परत बॅगेतच ठेवते. तिच्यासाठी मोकळा केलेला कपाटातला खण (लाकडी कपाटातला, गोलकीपरमधला नव्हे) मोकळाच आहे. झोपताना उशी बॅगेतून काढते, सकाळी परत भरते आणि दोरी बांधते. स्वतःच्या मुलाच्या घरात माझी आई स्टेशनवर बसल्यासारखी राहते, दादा. बायकोने एकदा ती बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली, तर आई दिवसभर बोलली नाही. (बायको म्हणते, हे वाक्य काढा, मी वाईट दिसते. काढत नाही. पण त्याच बॅगेला अडखळून तिच्या अंगठ्याचं नख गेलं आणि ती आईला अवाक्षर बोलली नाही, हेही लिहून ठेवतो.)

तुझी बाजू मी समजून घेतली नाही असं म्हणू नकोस. पक मिळवायला घाम गाळावा लागतो, मग मिळालेला उधळून का टाकायचा? घाईने मारलेला फटका समोरच्याच्या काठीला लागून उलटा आपल्याच अंगावर येतो. लोकांना कंटाळा येतो म्हणून संघाने हरावं का? आणि मागे वळणं हाही खेळच आहे, कधीकधी पुढची वाट त्यातूनच सापडते. हे सगळं मला पटतं. मी काचेमागून बघतो ना, तुझी पोरं वळतात फार देखणी. शिवाय नियम केला तरी तू ऐकणार थोडाच. रेषा ओलांडायचीच नाही, अलीकडेच घुटमळत राहायचं, अशी पळवाट तू बैठकीतून घरी पोचायच्या आत काढशील. मग अलीकडे घुटमळणाऱ्यांसाठी वेगळं घड्याळ लावा, त्या घड्याळावर माणूस बसवा. तुला पुढे ढकलणारा नियम अजून निघायचाय, हे मला त्या शहाण्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. लहानपणी तुझ्यावर राज्य आलं, की तू "टाइम प्लीज" म्हणून जिन्यावर जाऊन बसायचास. आम्ही आपले लपलेलेच. अंधार पडला की सगळ्यांना घरून हाका यायच्या, खेळ मोडायचा, आणि तुझं राज्य तसंच राहायचं. तुला कधी कुणी हरवलंच नाही. पण जो पक धरून असतो त्याचा वेळ जात नाही रे, वेळ जातो बघणाऱ्यांचा, आणि आपल्याकडे बघणारीला आता दिसतंही कमी.

बरंच लिहिलं. बोलण्याइतका वेळ तू देत नाहीस, म्हणून कागदावर भरपाई केली. वहिनींना स्वेटर बसला का, ते सवडीने कळव. आई विचारत नाही, पण तिला जाणून घ्यायचंय.

तुझा आज्ञाधारक (आज्ञा पटल्यास),
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. माझं मत तुला. नियम हाणून पाडतो, मग सगळ्या लीगने माझ्या नावाने खडे फोडले तरी चालतील. बदल्यात एकच कर. रविवारी आईला फोन कर आणि नेणार नाही असं स्पष्ट सांग. कारणं देऊ नकोस. "आई, तू तिकडेच राहा" एवढंच म्हण. ती आम्हाला जड झालेली नाही. (हे वाक्य बायकोने दोनदा लिहायला सांगितलंय. ती आम्हाला जड झालेली नाही.) तिने इथेच राहावं, पण घरच्यासारखं राहावं. तू नाही म्हणालास की रडेल, एक-दोन वेळा जेवणार नाही, आणि मग दोरी सोडून बॅग रिकामी करेल. फटका मार, दादा. गोल नाही झाला तरी चालेल, सामना संपू दे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आई येऊन बसली. दादाला काय लिहिलंस, म्हणाली. मी म्हणालो, तो जादा वेळेचा नियम. मग तो नियम काय आहे ते तिने खोदून खोदून विचारलं, मीही काडेपेटीचा गोल आणि शर्टाच्या बटनाचा पक करून टेबलावर सगळं दाखवलं. तिने बटन हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "नको रे असला नियम. मागे गेला तरी त्याच्याकडेच असतो ना? म्हणजे अजून येऊ शकतो." मी म्हणालो, आई, तो मारतच नाही. तर म्हणाली, "मला काय कळत नाही होय? पण मारला आणि हुकला, तर मग मी वाट कशाची बघू?" बटन माझ्या हातात दिलं आणि उशी काढायला बॅगेकडे गेली.

तेव्हा वरचा सौदा रद्द. मत मी नियमाच्याच बाजूने देणार आहे; बर्फावर तरी कुणीतरी पुढे जावं. पण तू आईला नाही म्हणू नकोस. फोन कर आणि येत्या रविवारी नक्की येतो म्हणून सांग, तुला ते अवघड नाही. फक्त ती हात पुसून बाहेर येईपर्यंत फोन ठेवू नकोस.